घरी पास्ता, बाहेर पिझ्झा

नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत पिझ्झा-पास्त्याची नवलाई आता राहिलेली नाही. शिकवणीवर्गांच्या आसपास कॅफे झाले, पिझ्झाच्या साखळी दुकानांच्या शाखा आल्या, आणि मोठ्या हॉटेलांच्या मेनूकार्डावर पंजाबी-चायनीजच्या जोडीला ‘इटालियन’चं पान आलं. वाढदिवस असो की निकाल, मुलांचा हट्ट ठरलेला असतो. पण घराघरांत एक वाटणी पक्की झाली आहे: घरी भाकरी-वरण, आणि इटालियन खायचं तर बाहेर. ही वाटणी बदलावी, असं मला मनापासून वाटतं. पास्ता घरी करावा आणि पिझ्झा खायला बाहेर जावं. दोन्ही चांगलं खायला मिळेल आणि पैसेही वाचतील.

कारण सरळ आहे. पास्ता पाण्यातून काढल्यावर काही मिनिटांत ताटात यायला हवा. गर्दीच्या वेळी प्रत्येक ऑर्डरला ताजा पास्ता उकडत बसणं लहान हॉटेलाला परवडत नाही. म्हणून तो आधीच उकडून, तेल लावून ठेवतात आणि ऑर्डर आली की सॉसमध्ये परततात. तोवर त्याचा लगदा व्हायला आलेला असतो. घरी ही अडचण नाही. पिझ्झ्याचं नेमकं उलट. नेपल्सच्या पारंपरिक लाकडाच्या भट्टीत तापमान ४३० ते ४८० अंश सेल्सिअस असतं आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत भाजून निघतो. घरचा ओव्हन २५० अंशांच्या पुढे सहसा जात नाही. तिथे पिझ्झा भाजायला जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात पोळी वाळून कडक होते. भट्टीचं काम भट्टीवर सोडावं.

पुडा घेताना काय बघायचं

किराणा दुकानात पास्त्याचा पुडा घेतला की आधी मागची बाजू वाचा. घटकांमध्ये ‘डुरम गव्हाचा रवा’ लिहिलेलं असेल तर घ्या. मैदा किंवा साधी सूजी असेल तर तो पास्ता स्वस्त पडतो, पण पाणी गढूळ करतो, चिकटतो आणि मिनिटभर जास्त राहिला तरी फुटतो. इटलीत १९६७च्या कायद्यापासून वाळवलेला पास्ता डुरम गव्हाच्या रव्याचाच असावा लागतो. डुरमचा दाणा टणक आणि पिवळसर असतो, त्यात प्रथिनं भरपूर असतात, आणि त्यामुळे उकळत्या पाण्यातही पास्त्याचा आकार टिकतो.

हा गहू आपल्याला परका नाही. महाराष्ट्र-कर्नाटकातल्या कोरडवाहू रानांत पिढ्यान्‌पिढ्या पेरला गेलेला बन्सी गहू डुरमच आहे. त्याची पोळी थोडी वातड होते म्हणून तो रोजच्या पोळीतून मागे पडला. पण शेवयांना आणि रव्याला बन्सीच हवा, असं जुन्या बायका हटकून सांगतात, त्यामागचं कारण हेच. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कोरडवाहू शेतीसाठी विकसित केलेलं एमएसीएस ४०२८ हे वाणही डुरमच आहे, आणि त्यात प्रथिनांचं प्रमाण १४.७ टक्के आहे. पाण्याची ओढ असलेल्या आपल्या भागाला असा गहू मोलाचा आहे.

आकाराचं म्हणाल तर घरात दोन प्रकार पुरे. नळीसारखा पेन्ने किंवा पीळदार फुसिली दाट सॉससाठी, आणि लांब स्पॅगेटी तेल-लसणासाठी. लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना आखूड आकार सोपे जातात.

उकडायची रीत

माणशी ८० ग्रॅम सुका पास्ता धरा. सोबत दुसरं काही असेल तर ६० ग्रॅमही पुरतो. चौघांसाठी साधारण ३२० ग्रॅम झाला. इटालियन घरांत १०० ग्रॅमला एक लिटर पाणी घेतात. आपल्याकडे एवढं पाणी वापरून फेकायची गरज नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरला हे वेगळं सांगायला नको. चौघांच्या पास्त्याला दोन लिटर पाणी पुरतं. अट एकच: पास्ता टाकल्यावर पहिली दोन मिनिटं हलवत राहायचं, म्हणजे तो एकमेकांना चिकटत नाही.

पाण्याला खळखळून उकळी आली की तीन सपाट चहाचे चमचे मीठ टाका. पाण्याची चव आमटीइतकी खारट लागली पाहिजे. पाण्यात तेल घालू नका. तेलाने पास्ता निसरडा होतो आणि पुढे सॉस धरत नाही. कुकरही नको.

पुड्यावर दिलेल्या वेळेच्या दोन मिनिटं आधी एक तुकडा काढून सुरीने आडवा कापा. मधोमध खडूसारखा पांढरा ठिपका दिसेल. तो ठिपका मोठा असेल तर अजून थांबा. टाचणीच्या टोकाएवढा राहिला की गॅस बंद करा, कारण उरलेलं शिजणं सॉसमध्ये होणार आहे. ठिपका पूर्ण नाहीसा झाला असेल तर पास्ता जास्त शिजला, त्याला सॉसमध्ये ठेवू नका, लगेच वाढा. दाताला किंचित लागणारा पास्ता पोटालाही बरा, तो हळू पचतो. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी प्रमाण ६० ग्रॅमवर ठेवावं आणि निम्मं ताट भाजीचं करावं.

पास्ता चाळणीत ओतण्याआधी दोन वाट्या पाणी बाजूला काढून ठेवा. त्या पाण्यात गव्हाचं पीठ उतरलेलं असतं. सॉसमधलं तेल आणि टोमॅटोचा रस त्यामुळे एकजीव होतो आणि सॉस पास्त्याला धरतो. उरलेलं पाणी गार करून त्यात कणीक भिजवा किंवा ते आमटीत घाला. मीठ मात्र बेताने.

रोजच्या स्वयंपाकातले चार प्रकार

*टोमॅटोचा सॉस.* चौघांसाठी किलोभर पिकलेले लाल टोमॅटो घ्या. उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून साल काढा आणि हाताने कुस्करा. मिक्सरमध्ये फिरवलं तर फेस येतो आणि रंग गुलाबी पडतो. कढईत चार चमचे तेल, त्यात ठेचलेल्या पाच-सहा लसणाच्या पाकळ्या. लसूण गुलाबी झाला की टोमॅटो आणि मीठ. मंद आचेवर २५ ते ३० मिनिटं, कडेला तेल सुटेपर्यंत आटवा. आपले गावरान टोमॅटो आंबट असतात, तेव्हा एक किसलेलं गाजर किंवा सुपारीएवढा गूळ घाला. हळद, गरम मसाला, जिरं यांची इथे गरज नाही. वासासाठी ओरेगॅनो नसेल तर हातावर चोळलेला चिमूटभर ओवा टाका, दोघांचा वास एकाच कुळातला आहे. तिखट हवं असेल तर धर्माबादच्या बाजारातली लाल मिरची अख्खी तेलात परतून घ्या. हाच तो हॉटेलातला ‘अराबियाता’. थंडीत टोमॅटो मातीमोल होतो तेव्हा दोन-तीन किलोचा सॉस एकदम करून ठेवा. फ्रिजमध्ये तो चार दिवस आणि फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने टिकतो.

*लसूण-तेल.* हॉटेलात ‘आलियो ओलिओ’ नावाने मिळणारा हा पदार्थ दहा मिनिटांत होतो. गार कढईत सहा चमचे तेल आणि पातळ चकत्या केलेला लसूण एकत्रच टाका आणि मग मंद आच लावा. आपली फोडणी कडकडीत तेलात होते, ही तशी करायची नाही. लसूण सोनेरी झाला की दोन सुक्या मिरच्या, लगेच पळीभर पास्त्याचं पाणी, आणि मग स्पॅगेटी. लसूण तपकिरी झाला तर कडू होतो, तो टाकून पुन्हा करा. ऑलिव्ह तेल महाग पडत असेल तर घाण्याचं करडईचं तेल घ्या. चवीला हलकं आहे आणि आपल्या मातीतलं आहे. चीज परवडत नसलेल्या दक्षिण इटलीतल्या घरांत शिळ्या पावाचा चुरा तेलात कुरकुरीत परतून पास्त्यावर भुरभुरवायचे. आपल्याकडे शिळी भाकरी आहेच. तिचा कुस्करा लसणाबरोबर तेलात खरपूस परता आणि वरून घाला. या चुऱ्याने पास्त्याला जी चव येते, ती महागड्या चीजच्या तोडीची आहे.

*कोथिंबीर-शेंगदाणा.* इटलीतल्या लिगुरियाचा पेस्तो तिथल्या बेझिलच्या पानांचा. आपण लातूर जिल्ह्यातल्या कास्तीची कोथिंबीर घेऊ. तिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. कोवळ्या देठांसकट दोन वाट्या कोथिंबीर, अर्धी वाटी भाजून सोललेले शेंगदाणे, दोन पाकळ्या लसूण, एक हिरवी मिरची, लिंबू, मीठ आणि पाच चमचे तेल. खलबत्त्यात जाडसर कुटा. ही चटणी गॅसवर तापवायची नाही. गरम पास्त्यावर घालून थोड्या पाण्याने सैल करायची, म्हणजे रंग हिरवागार राहतो.

*कडधान्य-पास्ता.* इटलीच्या खेड्यांतलं हे रोजचं जेवण. रात्री भिजवलेली चवळी किंवा हरभरा कुकरमध्ये शिजवून घ्या, त्यातला अर्धा घोटा. लसूण, एक कांदा, एक टोमॅटो, गाजर परता, त्यात कडधान्य आणि पाणी घाला आणि बारीक पास्ता त्यातच शिजवा. आपण वरणात चकोल्या सोडतो, तीच रीत. चवळीऐवजी बोरसुरीची तूरडाळ घेतली तरी चालेल. एका ताटलीत धान्य, डाळ आणि भाजी तिन्ही येतात, म्हणून मुलांच्या रात्रीच्या जेवणाला हा प्रकार मी सगळ्यांत वर ठेवते.

मुलं ‘व्हाइट सॉस’च मागत असतील तर तोही घरी करा. दोन चमचे लोणी, दोन चमचे मैदा, मंद आचेवर दोन मिनिटं परता. रंग बदलू देऊ नका. त्यात अर्धा लिटर दूध थोडं थोडं घालत फेटा आणि शेवटी जायफळ किसा. त्यात मक्याचे दाणे, ढोबळी मिरची, पालक घाला. हॉटेलच्या सॉसमध्ये चीज आणि मलई किती पडते ते आपल्या हातात नसतं. घरच्यात असतं.

आपल्याच धान्यांतून

इटलीच्या उत्तरेला मक्याच्या कण्या घोटून पोलेंटा करतात. आपल्या ज्वारीच्या कण्या तशाच घोटता येतात. एक वाटी कण्या, चार वाट्या पाणी, मीठ, आणि अर्धा तास मंद आच. वर तूप आणि टोमॅटोचा सॉस किंवा परतलेली वांगी. त्यासोबत डाळ किंवा कडधान्य मात्र हवंच. एकेकाळी उत्तर इटलीतले गरीब लोक नुसत्या पोलेंट्यावर जगले आणि पेलाग्रा या आजाराने हैराण झाले. दख्खनच्या पठारावर नुसत्या ज्वारीवर दिवस काढणाऱ्यांतही हा आजार दिसला होता. धान्य कोणतंही असो, ते एकटं पुरत नाही.

लिगुरियात हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल यांचं पातळ मिश्रण भट्टीत भाजून फारिनाता करतात. बेसनाचं धिरडं ज्या घरात होतं, तिथे हा पदार्थ शिकवायला नको. पीठ तीन-चार तास भिजवा, तेल जरा सढळ घाला, कडा कुरकुरीत होऊ द्या आणि वरून मिरपूड टाका.

आता हाताच्या पास्त्याविषयी. इटलीच्या पुलिया भागात बारी शहराच्या गल्ल्यांत बायका दारात पाट मांडून रवा आणि पाणी एवढ्यावरच ओरेक्किएत्ते वळतात. आपल्याकडे लग्नाच्या वळवटात गव्हले, मालत्या, नखुल्या, बोटवे वळले जातात. नखुली करताना पिठाची बारीक गोळी अंगठ्याच्या नखाने दाबून जराशी ओढली की ती मधे खोलगट होते आणि कडेला उभी राहते. त्या खोलगट जागेत सॉस साठतो, आणि पुलियातल्या पास्त्याचं गुपितही तेवढंच आहे. शेंगोळे करणाऱ्या हाताला तर हे काम खेळासारखं आहे.

कृती अशी: दोन वाट्या बारीक बन्सी रवा, पाऊण वाटी कोमट पाणी, चिमूटभर मीठ. पाणी एकदम ओतू नका, लागेल तसं घाला. पीठ भाकरीच्या पिठापेक्षा घट्ट हवं. दहा मिनिटं जोर लावून मळा आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा. पेन्सिलीएवढी सुरळी करा, हरभऱ्याएवढे तुकडे कापा, पाटावर अंगठ्याने दाबून ओढा. ताजा पास्ता चार-पाच मिनिटांत शिजतो. उन्हात खडखडीत वाळवून डब्यात भरला तर महिनोन्‌महिने टिकतो, आणि ऊन आपल्याकडे मुबलक आहे. घरात वळवट येणारी आजी, मावशी, काकू असेल तर तिच्या हाताखाली मुलांना बसवा. नखुल्या वळणारे हात घरोघर कमी होत चालले आहेत. मुलांच्या आवडत्या पास्त्याच्या निमित्ताने ही कला टिकली तर त्याहून आनंद नाही.

बाहेर गेल्यावर काय मागवायचं

नव्या ठिकाणी पहिल्यांदा साधा मार्गेरिटा मागवा. टोमॅटो, चीज, बेझिल आणि पोळी, बाकी काही नाही. त्यामुळे स्वयंपाकघराची परीक्षा चटकन होते. कडा फुगलेल्या आणि ठिपक्यांनी भाजलेल्या हव्यात, तळ उचलून पाहिला तर पांढराफटक नसावा, आणि सॉसला टोमॅटोची चव हवी. केचपसारखा गोड सॉस लागला तर पुढच्या वेळी दुसरं ठिकाण बघा. मार्गेरिटा जमलेल्या ठिकाणी मग भाज्यांचा, पनीरचा, हवा तो पिझ्झा मागवा. नेपल्सची पिझ्झा करण्याची कला २०१७ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. पीठ नीट आंबवणं आणि भट्टीची आच ओळखणं हे खरोखरच कसबाचं काम आहे, आणि त्याचेच पैसे आपण मोजतो.

बसण्याआधी वेटरला तीन प्रश्न विचारायला संकोच करू नका. पिझ्झ्याचं पीठ इथेच मळता की तयार पोळी येते? सॉस इथे होतो की बाटलीतला आहे? चीज दुधाचं आहे की वनस्पती तेलाचं ‘अॅनालॉग’? तेलाचं चीज तोंडात मेणासारखं राहतं आणि गार झालं की रबरासारखं ओढलं जातं. चांगलं हॉटेल या प्रश्नांनी नाराज होत नाही.

चौघांच्या कुटुंबाला दोन मध्यम पिझ्झे आणि एक सूप किंवा सॅलड पुरतं. गार्लिक ब्रेड, पिझ्झा आणि पास्ता एकत्र मागवले तर तिन्ही गव्हाचे आणि तिन्ही चीजचे, पोट जड होणारच. पास्ता खायचाच असेल तर तेल-लसणाचा किंवा टोमॅटोचा मागवा आणि ‘ताजा उकडून द्या, दहा मिनिटं थांबतो’ असं सांगा. ‘एक्स्ट्रा चीज’ आणि थंड पेयाच्या कॉम्बोला नाही म्हणा, बिल तिथेच फुगतं. साधं पाणी मागा. ज्येष्ठांसाठी भाज्यांचं मिनेस्ट्रोने सूप आणि मऊ भाजलेली भाजी सोयीची.

खायची रीत साधी आहे. पिझ्झा हाताने खायचा, इटलीतही पुष्कळ जण हाताने खातात. स्पॅगेटी काट्यावर गुंडाळायची, चार-पाच काड्याच घ्यायच्या. काटा जमत नसेल तर पेन्ने मागवा. आईवडिलांना सोबत नेलं असेल तर मेनूकार्ड त्यांच्यापुढे सरकवून गप्प बसू नका. प्रत्येक पदार्थात काय आहे ते सांगा आणि त्यांच्या चवीचं आधी मागवा.

शाकाहारी कुटुंबांनी काय विचारायचं

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत माळकरी, लिंगायत, जैन घरं पुष्कळ आहेत. इथल्या हॉटेलांत शाकाहाराची जाण असते, पण पुण्या-मुंबईला किंवा हैदराबादला गेल्यावर पुढच्या गोष्टी विचाराव्या लागतात.

- अस्सल पार्मेसान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने लावतात. भारतात विकल्या जाणाऱ्या चीजच्या पुड्यावर हिरवी खूण आहे का ते बघा. पेस्तोतही पार्मेसान असतं.
- ताज्या पास्त्यात आणि लाझान्याच्या पट्ट्यांत अंडं असू शकतं. सुक्या डुरम पास्त्यात सहसा नसतं.
- सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये मूळ कृतीप्रमाणे अंडं असतं आणि बऱ्याच ठिकाणी अँकोव्ही मासाही पडतो.
- सूप आणि रिझोटो कोंबडीच्या अर्कात शिजवलेले असू शकतात. रिझोटोत वाइनही घालतात.
- तिरामिसूत कच्चं अंडं आणि कधी मद्य असतं. पन्ना कोटा जिलेटिनने घट्ट करतात.

कांदा-लसूण वर्ज्य असेल तर टोमॅटो-बेझिल किंवा लोणी-मिरपुडीचा पास्ता करून मिळतो. ऑर्डर देतानाच सांगा, ताट आल्यावर नको.

त्या पार्मेसानच्या मागे एक गोष्ट आहे, ती नांदेडकरांना जवळची वाटेल. इटलीत पो नदीच्या खोऱ्यातल्या गोठ्यांत गाई सांभाळायचं, दूध काढायचं काम गेली कित्येक वर्षं पंजाबातून गेलेले शीख करतात. पार्मेसान आणि ग्राना पादानो ही चीजं ज्या दुधाची होतात, त्यात त्यांचे कष्ट आहेत. नोवेल्लारा गावात त्यांचा मोठा गुरुद्वारा आहे आणि तिथेही लंगर चालतो. हुजूर साहिबच्या लंगरात जेवलेल्या माणसाला इटलीचं जेवण आता तितकंसं दूरचं वाटू नये.

बिल आणि तक्रार

साध्या रेस्टॉरंटच्या बिलावर ५ टक्के जीएसटी लागतो. ‘सर्व्हिस चार्ज’ सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. बिलात तो आपोआप लावला असेल तर काढायला सांगा. वेटरची सेवा आवडली तर त्याच्या हातात टिप द्या. बिलावर हॉटेलचा १४ अंकी अन्न परवाना क्रमांक असायला हवा. खाणं खराब निघालं तर फोटो आणि बिल जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर किंवा अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.

पार्सल आणि उरलेलं

पिझ्झ्याचं खोकं घरी आलं की झाकण लगेच उघडा. आत कोंडलेल्या वाफेने पोळी मऊ पडते. पुन्हा गरम करायला मायक्रोवेव्ह नको. भाकरीच्या लोखंडी तव्यावर मंद आचेवर तुकडा ठेवा, कडेला पाण्याचे दोन-तीन थेंब टाका आणि झाकण ठेवा. चार मिनिटांत तळ कुरकुरीत होतो आणि चीज वितळतं. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४० च्या वर असतो, तेव्हा पिझ्झा तासाभराहून जास्त बाहेर राहू देऊ नका. पास्त्याचं पार्सल शक्यतो मागवूच नका, घरी पोहोचेपर्यंत तो सॉस पिऊन फुगतो.

शिकायला आलेल्या मुलांसाठी

लातूर-नांदेडला वैद्यकीय-अभियांत्रिकीच्या तयारीसाठी हजारो मुलं-मुली येऊन राहतात. मेसच्या डब्याला कंटाळून संध्याकाळी कॅफेत जाणं समजण्यासारखं आहे. आठवड्यातून एकदा जा, चौघांत मिळून मागवा, भाज्या किंवा पनीर असलेलं निवडा. रोजचा डबा टाळून रोजचा व्हाइट सॉस पास्ता हे मात्र नको. खोलीवर इंडक्शनची परवानगी असेल तर लसूण-तेलाचा पास्ता आणि उकडलेली चवळी एवढं शिकून घ्या, खिसा आणि प्रकृती दोन्ही सांभाळली जातील. परीक्षेच्या आठवड्यात नवं ठिकाण, नवा पदार्थ नको. आणि पालकांनी भेटायला येताना फराळासोबत घरी वाळवलेल्या नखुल्या डब्यात भरून आणाव्यात. उकळत्या पाण्यात त्या शिजवल्या की सॉसच्या बाटलीवर मुलांचं जेवण होतं.

डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीत भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत आपली दिवाळी वारसा यादीत गेली, आणि त्याच बैठकीत इटालियन स्वयंपाकालाही हा मान मिळाला. त्या स्वयंपाकाचं मोठेपण घरच्या चुलीत, हंगामी भाजीत आणि आपल्या गावच्या धान्याच्या अभिमानात आहे. आपल्याकडे ही तिन्ही आहेत. तेव्हा या आठवड्यात दोन कामं करा. किराणा दुकानदाराला आणि गिरणीवाल्याला बन्सी गव्हाचा रवा मागा. नसेल तर ‘आणून ठेवा, घेऊन जाईन’ असं सांगा. दहा घरांनी मागितला तर दुकानात येईल, आणि दुकानात खपला तर रानात पेरला जाईल. दुसरं काम म्हणजे रविवारी घरच्या सगळ्यांनी मिळून पाटावर पास्ता वळा. पिझ्झ्याला पुढच्या रविवारी जा, भूक ठेवून आणि प्रश्न विचारायच्या तयारीने.